पिवळी रेघ

यूनानं टेबलावर कापड पसरलं आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. पिवळी रेघ दुप्पट जाड आली होती.

चूक कापड विणणाऱ्या गिरणीची नव्हती, तिचीच होती. टार्टन या स्कॉटिश लोकरी कापडाच्या चौकड्या एका रेघेपर्यंत जातात आणि तिथून उलट्या क्रमानं माघारी फिरतात. त्या वळणावरचे दोरे एकदाच मोजायचे की दोनदा, हे कागदावर लिहून द्यावं लागतं. यूना नेमकं तेच विसरली. तिनं लिहिले दोन, विणकरानं धरले दुप्पट. दुसऱ्या टोकाचा निळा पट्टाही रुंदावला होता, पण निळ्याचं कोण मोजतंय!

विद्यापीठाचं स्वतःचं टार्टन ठरवायला समिती बसली होती. मंजूर झालं की दुपारीच नमुना नोंदणीसाठी एडिनबराला जाणार, आणि शेवटच्या वर्षाला असलेल्या यूनाला गिरणीत नोकरी मिळणार. प्राध्यापक क्रायटननी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक जवळजवळ कापडाला टेकवलं.

"निळी खाडी, हिरव्या टेकड्या, लाल म्हणजे इथल्या पोरांचे पारंपरिक झगे. बरं. ही पांढरी?"

"शिक्षकांची, सर."

"दोन दोऱ्यांची. आणि ही लठ्ठ पिवळी?"

"झाडणाऱ्या, पुसणाऱ्या, रांधणाऱ्या माणसांची. तीही दोनच दोऱ्यांची हवी होती. मोजणीत माझी चूक झाली."

"वा! म्हणजे शिकवणारे दोन आणि पुसणारे चार! गावभर हसं होईल आपलं. काढूनच टाक ती. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

कुलगुरू मेल्ड्रमबाईंनी पेन उघडलं. "काढतेस ना, यूना? बाकी सगळं मंजूर."

हो म्हटलं की झालं. पण यूनाला झाडलोट करणारी नेटामावशी आठवली. चार हिवाळे पहाटे सहाला तिच्यासाठी हातमागाच्या खोलीचं दार उघडून, हीटर लावून ठेवणारी.

"बारीक करते, मॅडम. काढणार नाही. काढायचीच असेल तर दुसऱ्या कुणाचं डिझाइन घ्या."

तेवढ्यात दार ढकलून नेटामावशीच चहाचा ट्रे घेऊन आत आली.

"अगंबाई, हेच का ते? ती पिवळी बघा कशी उठून दिसतेय! बाकी सगळं आपलं नेहमीचंच. कुणाची हो ती?"

यूना क्रायटनकडे बघत राहिली. त्यांनी चष्मा खाली घेतला, पुसला, परत लावला.

"तुमची," ते शेवटी म्हणाले. "तुम्हा सगळ्यांची."

"चेष्टा नका करू सर, म्हातारीची."

"चेष्टा नाही, मावशी," यूना म्हणाली. "तुम्ही दार उघडलं नसतं, तर माझ्या हातून वीतभर कापड झालं नसतं."

नेटामावशीनं ट्रे ठेवला. हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले, आणि एकच बोट त्या रेघेवरून फिरवलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवतही नव्हती.

क्रायटननी यूनाचा कागद ओढला. पिवळ्यापुढचा दोन खोडून चार लिहिला, निळ्याचा आकडाही दुप्पट केला, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'वळणावरचे दोरे एकदाच मोजावेत.' मेल्ड्रमबाईंनी हसत सही केली.

मग क्रायटननी स्वतःची खुर्ची मागे सरकवली. "बसा."

"मी? इथं?"

"बसा हो."

ती कडेला टेकली. क्रायटननी किटली उचलली, कप भरला आणि ते थबकले. तीस वर्षं या बाईच्या हातचा चहा प्यायले होते.

"साखर किती घेता, नेटाबाई?"