बिनबोलाचा रेडिओ

या नव्या रेडिओसाठी कर्नलसाहेबांनी कित्येक वर्षं संरक्षण खात्याचे उंबरठे झिजवले होते. तोंडातून चकार शब्द न काढता नुसता मजकूर पाठवायचा, म्हणजे लपलेली तुकडी शत्रूला सापडत नाही, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. आज जनरलसाहेबांसमोर शेवटची चाचणी होती. ती फसली, तर खरेदीच गुंडाळली जाणार होती.

समोरच्या झाडीत हवालदार आपली तुकडी घेऊन असा दडला होता, की दुर्बीण लावूनही जनरलसाहेबांना कुणी दिसेना. इतक्यात टेबलावरच्या रेडिओच्या पडद्यावर मजकूर उमटला, "जागेवर पोचलो. सगळं ठीक." जनरलसाहेबांनी मान डोलावली. कर्नलसाहेबांचा जीव भांड्यात पडला.



तेवढ्यात हवालदार झाडीतून उठून उभा राहिला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, "साहेब, मेसेज पाठवलाय. मिळाला का?"