खुणांची शिकवणी

“आबा, अंगठा आत घ्या. बाहेर राहिला की अर्थ बदलतो.”

मयूरीनं आकारामआबांची बोटं धरून वळवली. उसाच्या पाल्यानं चिरलेली, गाठाळलेली ती बोटं सहजासहजी वळत नव्हती. खोलीतल्या निम्म्या खुर्च्या आजही रिकाम्याच होत्या.

सांगलीत एका औषधांच्या दुकानावरच्या खोलीत मयूरी दर रविवारी खुणांची भाषा शिकवायची. बाकीचे दिवस हाच वर्ग मोबाइलवर चाले. येणारे सगळे बहिऱ्या मुलांचे आईबाप. हल्ली त्यांना मोबाइलच बरा वाटे. कॅमेरा बंद ठेवून, भाजी निवडता निवडता शिकणारी माणसं होती. पण खुणा काही कानानं शिकता येत नाहीत. बघता बघता एकेक जण गळायचा आणि त्याचं पोर घरातल्या घरात परकं होऊन वाढायचं.

मयूरीचा थोरला भाऊ जयराज असाच वाढला होता. वडील गेले तेव्हा तो चांगला बाप्या झाला होता, पण बापलेकांत जन्मात एक वाक्य झालं नव्हतं.

म्हणूनच कराडकडच्या खेड्यातून एस.टी.नं येणाऱ्या या म्हाताऱ्याचं तिला अप्रूप होतं. मोबाइलवर आबांना काही उमजत नसे. पडद्यावरचा हात डावा की उजवा, इथंच त्यांची गाडी अडायची. “त्यात हात दिसतो बाई, पर धरता येत न्हाई,” म्हणायचे. बोलायचे तेही बसक्या आवाजात, थांबत थांबत, गळ्याभोवतीचा मफलर सारखा करत.

पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांना सांगायची तसं त्यांनाही सांगितलं होतं, “हा वर्ग बहिऱ्या मुलांच्या घरच्यांसाठीच आहे हं. तुम्हाला कुणासाठी शिकायचंय?”

आबांनी मफलर सारखा केला होता. मग म्हणाले, “नात हाय. ईश्वरी. पाच वर्साची. आई न्हाई तिला. बाप मिल्ट्रीत, लांब. घरात आमी दोघंच.”

“दवाखाना कुठला?”

“मिरजंचा.”

तिनं पुढं विचारलं नाही. मिरजेहून आस सोडून परतलेले आईबाप तिनं पुष्कळ पाहिले होते.

“लिहून-वाचून काही जमतं का?”

“मला लिवता येतंय. पर तिला अजून अक्षर वळखत न्हाई. न्हायतर पाटीवर भागवलं असतं.”

आबांना कायम घाई. ती रंग शिकवायला घ्यायची, फळं घ्यायची, की आबांचा हात वर. “ते ऱ्हाऊ द्या बाई. ‘जेवलीस का’ कसं म्हनायचं? ‘भिऊ नगं’ कसं म्हनायचं?”

“आबा, तिच्या खुणाही ओळखायला शिका,” ती एकदा म्हणाली. “नुसतं आपलंच सांगून कसं चालेल?”

“तिचं मला कळतंय वो. माझं तिला कळाय पायजे.”

मयूरीला वडील आठवले. तेही असंच म्हणायचे, जयूचं मला सगळं कळतं. तिनं पुढची खूण घेतली.

मग त्या रविवारी आबांनी विचारलं, “पोरगी पाठमोरी आसली तर हाक कशी मारायची?”

“जमिनीवर पाय आपटायचा. हादरा कळतो. नाहीतर दिव्याचं बटण चालू-बंद करायचं.”

“आन् टाळी वाजिवली तर?”

तिचा तोल गेला. “आबा, तुम्ही अजून मनानं मानलेलंच नाही! टाळी कुठून ऐकू येणार तिला? नात बहिरी आहे हे आधी स्वतःला सांगा, मगच पुढचं शिकता येईल!”

काहीतरी बोलायला आबांनी तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. कुणीतरी पाणी दिलं. ते घोट घोट करत, डोळे मिटून गिळलं. मग मान खाली घालून म्हणाले, “चुकलं बाई माझं.”

वर्ग सुटला तरी ते बसून होते. मयूरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आजून एकच,” आबा म्हणाले. “‘मी हितंच हाय’ कसं सांगायचं?”

तिनं दाखवलं. त्यांनी केलं. पुन्हा केलं. एस.टी.ची वेळ होईपर्यंत ते तेवढंच करत राहिले. जाताना दारात वळून त्यांनी तिला तीच खूण करून दाखवली, आणि ती बिनचूक होती.

पुढच्या रविवारी आबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मोबाइलच्या वर्गातही त्यांचं नाव दिसेना. आपल्या जिभेनं एक माणूस घालवला, हे तिच्या मनातून जाईना. एक पोर पुन्हा मुकं पडलं. जयराजसारखंच.

शेवटी एका दुपारी तिनं फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर कुण्या लहान मुलीनं उचलला.

“हालो, कोन?”

शेजारची असेल. “बाळ, आबांना दे गं फोन. सांगलीच्या बाई आहेत म्हणावं.”

“आबा, सांगलीच्या बाई!” पोर ओरडली. मग तिकडं नुसतीच शांतता. मयूरीला वाटलं, आबा रागावलेत, फोन घेणार नाहीत.

“बाई, आबा हातानं सांगत्यात,” पोर म्हणाली. “तुमी शिकिवलेलं समदं पोरीला कळतंय म्हनत्यात.”

“ईश्वरीला कळतंय? खरंच? कुठं आहे ती? आबांजवळच आहे का?”

“मीच की ईश्वरी,” पोर म्हणाली. “मिरजंच्या डाक्टरनी आबांचा आवाज गळ्यातनं काडून टाकलाय, म्हनून आता फोनवर मीच बोलती.”