कामावरचं कामावरच

शाल्मलीने कामावर दिवसभर पाहिलेलं-ऐकलेलं सगळं संध्याकाळी मशीन तिच्या डोक्यातून पुसून टाकायचं. मुलांच्या ऑनलाइन छळाच्या तक्रारी तपासणाऱ्या हेल्पलाइनवर तशी सोयच होती. नाहीतर तिथे टिकणार कोण? म्हणून तर ती घरी येताना निवांत गुणगुणत भाजी घ्यायची.

आज मात्र कोथिंबीर निवडता निवडता तिचे हात थरथरायला लागले. हॉलमध्ये लेकीचा, मुक्ताचा, चित्रकलेचा ऑनलाइन क्लास चालू होता. टॅबमधून नवे सर म्हणत होते, "शाब्बास, पाखरा!"

"निशांत, मला हा माणूस नको वाटतो."

"का? काय केलं त्यांनी?" नवरा म्हणाला. "सोसायटीतली सगळी पोरं शिकतात की त्यांच्याकडे."

का, ते तिलाही सांगता येईना. शेवटी बाल्कनीत जाऊन तिने आपल्याच हेल्पलाइनला फोन लावला.

"पुरावा काही?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"काही नाही. आवाज ऐकला आणि हात कापायला लागले, एवढंच."

"आपण काय करता?"

"तुमच्याकडेच असते. दिवसपाळीला."

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "ताई, मग हा आवाज तुम्ही इथे एखाद्या तक्रारीत ऐकला असणार. डोक्यातलं पुसलं तरी अंगातलं जात नाही. सर अजून लाइनवर आहेत? त्यांना बोलतं ठेवा, आम्ही माग काढतो."

शाल्मली आत आली. लेकीला हळूच उठवून ती तिच्या जागी बसली. थरथरते हात टेबलाखाली घट्ट धरून कॅमेऱ्याकडे बघत हसली.

"सर, मलाही शिकवाल का?"