सीटखालचं बटण

आयटी कंपन्यांना कुंड्या आणि लॉन पुरवणाऱ्या ज्ञानदेवनानांच्या हिंजवडीतल्या रोपवाटिकेत त्यांचा छोटा जपानी ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला. आता हे डबडं विकून टाकायचं, असं नानांनी खाली उतरत जाहीर केलं. बोलताना त्यांचा हात मात्र बॉनेटवरची धूळ पुसत होता.

मेकॅनिक उत्तरेश्वरने डिझेलचा फिल्टर बदलला होता, पाइपातली हवा काढली होती, टाकीही धुतली होती. गंमत अशी, की तो स्वतः बसला की ट्रॅक्टर गुमान फिरायचा आणि नाना बसले की पहिल्याच खड्ड्यात मान टाकायचा. पोटच्या पोरासारखं जपलं आणि आता मला ओळखत नाही, म्हणून नाना हिरमुसले. कालच लेकीचं बाळंतपण उरकून येरवड्याहून परतलेली त्यांची बायको गोदाबाई रोपांना पाणी घालत होती. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिने ऐकवलंही.

शेवटी उत्तरेश्वरने सीट उचलली. खाली एक बटण होतं. चालवणारा पडला तर इंजिन आपोआप थांबावं, म्हणून बसवलेलं. त्याने नानांना पुन्हा बसवलं, वाकून पाहिलं आणि चाचरत म्हणाला, "नाना, बटण चांगलं हाय. तुमचं वजन कमी पडतंय."

गोदाबाईचं हसू मावळलं. लेकीकडे असताना ती रोज फोनवर विचारायची, जेवलात का? नाना सांगायचे, पिठलं केलं, भाकरी थापली, वर ठेचा. ती निर्धास्त झोपायची. खरं तर नाना चहात खारी बुडवून दिवस ढकलत होते. एकट्यापुरतं ताट वाढून घेणं त्यांच्या जिवावर यायचं. आत्ता तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं. खुंटीला अडकवावा तसा शर्ट अंगावर लोंबत होता. कालपासून ती नातवाचंच कौतुक सांगत बसली होती. तिला स्वतःचाच राग आला.

दोन तारा जोडून बटणच काढून टाकतो, मग कुणीही बसलं तरी बंद पडणार नाही, असं उत्तरेश्वर म्हणाला. ट्रॅक्टर विकावा लागणार नाही म्हटल्यावर नानांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच मान डोलावली.

गोदाबाईने पाण्याची नळी खाली टाकली आणि येऊन सीटवर हात ठेवला.

"तारांना हात लावू नको," ती म्हणाली. "आमच्यात खरं बोलणारं तेवढं एकच हाय."