मिसो कोण?

"मिसो," ज्योतीराम तापात पुटपुटला. "मिसो दे."

शालनबाईनं पोराच्या अंगावरची गोधडी सारखी केली आणि चटकन हात जोडले.

"म्हसोबा म्हनतोय. ऐकलंस न्हवं, इंद्रायणी? बांधावरचा म्हसोबा नारळ मागतोय. गेल्या आवसंचा ऱ्हायलाय त्येचा." सुनेच्या उत्तराची वाट न बघता तिनं नारळ पदराखाली घेतला आणि ती रानाकडं निघाली.

इंद्रायणीला म्हसोबा ऐकू आला नव्हता. तिला मिसोच ऐकू आलं होतं, आणि ते बाईचं नाव वाटलं होतं. लढाई संपल्यावर नवऱ्याची पलटण वर्षभर जपानात होती. तिथलं एक अक्षर तो घरात कधी बोलला नव्हता. सांगण्यासारखं काही नसेल, असं ती आजवर समजत आली होती.

काल पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यातून तो तापानं फणफणतच सायकलवरून पुनावळ्याला आला होता. गोळ्या देताना डॉक्टरनं बजावलं होतं, पोटात काहीतरी जायलाच हवं. पण पेजेची वाटी ओठाशी नेली की तो दात घट्ट मिटून घ्यायचा.

"कोन हाय?" डोळे न उघडता त्यानं विचारलं.

इंद्रायणीनं दाराकडं पाहिलं. कुणी नव्हतं.

"मिसो," ती म्हणाली. "मी मिसो हाय. प्या आता."

तो प्याला. आधी घोटभर, मग सगळी वाटी. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि त्याच पदरानं आपले डोळे.

दुपार कलली तसा त्याला दरदरून घाम फुटला. ताप उतरला. तो आढ्याकडं बघत पडून राहिला. इंद्रायणी चुलीपुढं पाठ करून बसली होती.

"पानी दे गं."

तिनं तांब्या त्याच्यापुढं आदळला.

"काय झालं?"

"मला काय व्हतंय? मिसो कोन?"

ज्योतीराम आधी नुसताच बघत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, तरी थांबेना.

"आगं, बाई न्हवं ती. कालवन हाय. पातळ कालवन. कसल्याशा बिया शिजवत्यात, मीठ घालून म्हैनोन्‌म्हैने आंबवत्यात. त्येचा गोळा गरम पान्यात कालवायचा. कारखान्यात टाक्यांपाशी तसाच आंबूस वास येतो बघ. त्यानंच आठवलं आसंल."

"कालवन?"

"तर काय."

इंद्रायणीनं तोंड पुन्हा चुलीकडं फिरवलं. दुपारी आपण कुणाचं नाव घेऊन त्याला पेज पाजली, ते तिला सांगवेना. थोड्या वेळानं म्हणाली, "मंग येवढी वर्सं बोलला का न्हाईत?"

त्याचं हसू थांबलं. भिंतीवर त्याच्या थोरल्या भावाचा, सोनबाचा, पलटणीतला फोटो होता. सोनबा ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना पडला. तेव्हापासून या घरात जपानचं नाव काढायची सोय नव्हती. ज्योतीरामनं तिकडून आणलेला रेशमी रुमाल शालनबाईनं एक शब्द न बोलता चुलीत घातला होता.

त्यानं आवाज खाली आणला.

"तिकडं थंडी लई. एका पुलावर माझा पहारा व्हता. अंगात आसाच ताप. जवळच्या घरातनं एक म्हातारी आली, लाकडी वाटी घिऊन. वाफ निघत व्हती. वाटीकडं बोट करून म्हनली, मिसो. मी हात लावंना. दादा डोळ्याम्होरं आला. त्यांच्या हातचं कसं घ्यायचं? तर तिनं घराकडं बोट केलं. दार उघडं व्हतं. आत भितीवर फोटू, फौजी टोपीतल्या पोराचा. म्हनली, बिरुमा."

"म्हंजी?"

"ब्रह्मदेश."

इंद्रायणीच्या हातातलं फुंकणीचं नळकांडं तसंच राहिलं.

"मंग?"

"मंग मी दोन बोटं वर केली. एक दुमडलं. म्हनलो, बिरुमा. तिला कळलं. लई येळ उभी ऱ्हायली. मी वाटी घेतली, पिऊन संपवली, तर आत जाऊन तिनं पुन्हा भरून आनली." त्यानं सोनबाच्या फोटोकडं पाहिलं. "हे आईला कुठल्या तोंडानं सांगू?"

उंबऱ्यात शालनबाई उभी होती. ती कधी आली, दोघांनाही कळलं नव्हतं. इंद्रायणी दचकून उठली. ज्योतीराम उठून बसायला लागला, तसं शालनबाईनं हातानंच त्याला पडून राहा म्हटलं. ती आत आली आणि त्याच्या उशाशी बसली.

"तिला दुसरं लेकरू व्हतं का रं?"

"दिसलं न्हाई, आये. येकलीच व्हती."

शालनबाई आपल्या हातांकडं बघत राहिली.

"दुसऱ्यांदा भरून दिली, ती वाटी," ती म्हणाली, "टाकली न्हाईस न्हवं?"

"न्हाई. समदी प्यालो."

"ब्येस केलंस."

तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ केव्हाच गार पडलं होतं. तरी तिनं हात काढला नाही.