गोदामाची हवा

आईच्या तेरवीला घरमालक भैयाजी ओसरीवर बसून म्हणाला, "मोठी सोशिक बाई होती." भागीरथा ऐकत होती. चुलीचा धूर आपल्या बैठकीत येतो म्हणून ह्याच माणसाने स्वयंपाकघराचे आणि न्हाणीचे झरोके विटांनी बुजवले होते. कोंडलेल्या ओलीत आई तीन पावसाळे खोकली. तो आवाज मात्र बैठकीत पोचला नव्हता. आता बाबा खोकू लागले होते. "झरोके उघडून द्या, भाऊ," ती म्हणाली. "भिंत कमजोर होते, बाई." भागीरथाने बाबांची खाट उचलून अंगणापलीकडच्या त्याच्या तेंदूपत्त्याच्या गोदामात टाकली. पानांना बुरशी लागू नये म्हणून तिथल्या छपरावर वाऱ्याने आपोआप फिरून आतली दमट हवा बाहेर ओढणारे पंखे होते. भैयाजी धावत आला. "इथी काऊन? मानसाच्या श्वासानं पानं ओल धरतेत, सडतेत." भागीरथाने बाबांना खाटेवर बसवले. "म्हणजे ओलीनं काय होते, हे तुमाले ठाऊक होतं."