मनकर्णाबाईची थैली

देवराव गुरुजींच्या प्रौढ वर्गात प्रत्येक बाईच्या नावाची थैली खुंटीला असे. वाचून झालेला कागद तीत टाकायचा आणि महिनाअखेरीला आपल्याला किती वाचता येतं ते आपणच सांगायचं. मनकर्णाबाई दर वेळी म्हणे, "मले नाई येत अजून."

आपलंच शिकवणं कमी पडलं, असं वाटून गुरुजींनी एकदा तिची थैली उपडी केली. वडसा गावच्या नाटकांची पत्रकं, एसटीची तिकिटं, बियाण्याच्या पिशव्या यांचा ढीग पडला. त्यांनी एक पत्रक पुढे केलं. तिनं ते घडाघडा वाचलं.

"मंग येत नाई काऊन म्हणता, बाई?"

"येते म्हणलं तर तुमी वर्गातून नाव काढान, गुरुजी. मंग सांजच्याले मले घरातून कोन निघू देईन?"

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिच्या नावापुढे लिहिलं, 'अजून वर्षभर तरी लागेल', आणि कागद तिलाच वाचायला दिला.